देवाचा कोंबडा

दाजींचा कोंबडा मास्टरजींनी सोडून दिला नव्हता. तो मी खाल्ला.

हे वाक्य मी अकरा वर्षं कुणालाही सांगितलेलं नाही. आक्काला नाही, बायकोला नाही, पादरीसाहेबांनाही नाही. कागदावर उतरल्यावर ते किती लहान दिसतं! आणि लिहायला बसलोच आहे, तर पुढचंही लिहून टाकतो. रस्सा चांगला झाला होता. मी दोनदा घेतला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गेल्या महिन्यात ते गेले. त्या दिवशी चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. एकेक जण उठून त्यांच्याबद्दल बोलला आणि बोलता बोलता हसला, कारण दाजींची आठवण सांगायची आणि हसायचं नाही, हे जमण्यासारखं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी गळ्याला हात लावून घसा बसल्याची खूण केली. घसा बसला नव्हता.

दाजी मूळचे नगर जिल्ह्यातले, शेतकऱ्याच्या घरातले, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. तारखात्यात नोकरी. बदली होत होत जयपूरला आले आणि चांदपोलच्या बाहेर दोन खोल्यांचं, मागे अंगण असलेलं घर त्यांनी भाड्याने घेतलं. मी सत्ताविसाव्या वर्षी विमा कचेरीत लागलो आणि "चार दिवस राहतो" म्हणून त्यांच्याकडे उतरलो. सहा वर्षं राहिलो. दाजींनी एकदाही त्या चार दिवसांचा विषय काढला नाही. आक्का काढायची, पण ती बहीण.

दिवसभर तारेच्या कामात शब्द मोजून वापरायचे, म्हणून की काय, घरी आल्यावर दाजी शब्दांची उधळपट्टी करायचे. त्यात देवाशी बोलताना तर त्यांना धरबंधच नसे. जेवणाआधीची प्रार्थना आमच्या घरी जेवणापेक्षा मोठी असायची. भातापासून सुरुवात व्हायची, मग भात पिकवणारा, मग रेल्वेने तो आणणारा, मग तांगेवाला, मग तांगेवाल्याचा घोडा, त्या घोड्याचा दुखरा पाय. तोवर भाताची वाफ गेलेली असायची. दाजींची दोन मुलं, थोरली आणि धाकटा, डोळे घट्ट मिटून पापड खायला शिकली होती. आवाज होऊ नये म्हणून ती पापड जिभेवर विरघळवायची.

आक्का मधेच म्हणायची, "अहो, घोड्याचं उद्या बघू. वरण घट्ट झालं."

"आमेन," दाजी म्हणायचे, आणि लगेच भात कालवायला घ्यायचे, जणू तेही तिच्या सांगण्याचीच वाट पाहत होते.

रविवारी सकाळी ते सायकलवर धाकट्याला दांड्यावर आणि थोरलीला मागे बसवून चर्चला निघायचे. आक्का तांग्याने. "मी काय पोतं आहे का मागं बांधून न्यायला?" उपासना हिंदीत असे. दाजी गीत हिंदीतच सुरू करायचे, पण दुसऱ्या कडव्याला पोचेपर्यंत त्यांची गाडी मराठीवर गेलेली असायची, आणि आवाज असा दणकट की पुढच्या बाकांवरची राजस्थानी मंडळी, शब्द न कळता, त्यांच्या मागून मराठीत जायची. पादरीसाहेब पेटीवाल्याकडे बघायचे, पेटीवाला छताकडे बघायचा.

घराच्या मागच्या अंगणाला छातीएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे मास्टरजी राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, जयपूरचेच, विधुर, एकटे, कट्टर शाकाहारी. मुंग्यांना साखर घालणारे. दाजींना ते 'तारबाबू' म्हणत. रोज संध्याकाळी दोघं आपापल्या अंगणात उभे राहून भिंतीवर पट मांडून बुद्धिबळ खेळत. पट मास्टरजींचा, सोंगट्या दाजींच्या. रविवारी खेळाआधी दाजी सकाळचं प्रवचन मास्टरजींना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत आणि मास्टरजी त्यातल्या हिशेबाच्या चुका काढत.

"सौ में से एक भेड़ खोई, और यह आदमी निन्यानवे को जंगल में छोड़कर चला गया?" मास्टरजी एकदा म्हणाले. "तारबाबू, ऐसे चरवाहे को मैं तो फेल कर दूँ."

"मास्टरजी, वो एक आप होते तो?"

मास्टरजींनी पटाकडे बघितलं. मग उंट हलवला आणि म्हणाले, "शह."

आता कोंबड्याचं.

आमच्यात वर्षातून एकदा हंगामाचा सण असतो. शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं आणि चांगलं देवापुढे आणून ठेवायचं, उपासना झाली की चर्चच्या आवारात त्याचा लिलाव करायचा. शहरातल्या लोकांना शेतं कुठली? कुणी लोणच्याची बरणी आणायचं, कुणी अंडी, कुणी बाजारातून आणलेला भोपळा. लिलाव पुकारायचं काम दाजींचं. भोपळा ते असा फिरवून दाखवायचे की घेणाऱ्याला वाटावं, घोडा घेतोय. पण स्वतः आणायचं ते घरी वाढवलेलंच असलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता. "विकतचं देवाला चालतं रे," ते मला म्हणायचे, "मलाच चालत नाही."

त्या वर्षी हिवाळ्यात थोरलीला विषमज्वर झाला. बावीस दिवस ती अंथरुणात होती. दाजींची प्रार्थना तेवढे दिवस फार लहान झाली होती. नुसतं तिचं नाव घ्यायचे आणि थांबायचे. घरात तेवढीच भीती वाटायची. तेविसाव्या दिवशी पोरीने उठून पापड मागितला. दाजींनी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, यंदा या घरात जे सगळ्यात चांगलं वाढेल ते देवाचं.

मग अजमेरहून कुणाकडून तरी एक पिल्लू आलं. तांबूस, बोटभर मानेचं. थोरलीला आजारातून उठल्यावर काम नव्हतं. तिनेच ते वाढवलं. त्याला नाव ठेवायचं नाही असं आक्काने बजावलं होतं, कारण नाव ठेवलं की जीव गुंततो. म्हणून त्याला सगळे नुसतं 'देवाचा' म्हणायला लागले. "देवाच्याला पाणी ठेवलं का?" "देवाचा स्वयंपाकघरात शिरला!" बाजरी खाऊन देवाचा असा काही भरला की सणाच्या सुमाराला त्याची शेपटी हिरवी-काळी चमकायची आणि तो अंगणात चालायचा ते भाडं वसूल करायला आल्यासारखा.

मास्टरजींना त्याचा दुहेरी त्रास होता. एक, तो पहाटे चारला त्यांच्याच बाजूच्या भिंतीवर चढून आरवायचा. दुसरं, त्याचं पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं.

"बहनजी, इसे छोड़ दो," ते आक्काला भिंतीवरून म्हणाले. "पाप लगता है देखकर. मैं होता तो कब का छोड़ देता."

"मास्टरजी, वो देवाचा है."

"भगवान के पास मुर्गों की क्या कमी है?"

हे बोलणं झालं शुक्रवारी. शनिवारी सकाळच्या गाडीने दाजी, आक्का आणि मुलं एका नातेवाइकाच्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी अजमेरला गेली. सोमवारी येणार होती. सण पुढच्या रविवारी. घर, कुलूप आणि देवाचा, तिन्ही माझ्या हवाली.

हापिसात मी नुकताच कायम झालो होतो. आमच्याकडे तिघे मराठी सहकारी होते, बदलीवर आलेले, एकाहून एक सोवळ्या घरांतले. घरी चातुर्मासात कांदासुद्धा नसायचा. हे तिघे गेले सहा महिने माझ्या मागे लागले होते: "तुमच्याकडे तो नगरी रस्सा करतात म्हणे?" मीच कधीतरी फुशारकी मारली होती. घर रिकामं आहे म्हटल्यावर त्यांनी शनिवारच्या अर्ध्या दिवसाचा मुहूर्त स्वतःच काढला. कोंबडी आणायचं काम मी चपराशाला सांगितलं होतं. साडेबाराला तो हात हलवत आला. म्हणाला, बाबूजी, आज मिली नहीं.

दोन वाजता पाहुणे येणार होते. घरात बटाटे होते. हे मी मुद्दाम लिहितो. बटाटे होते, कांदे होते, आक्काने करून ठेवलेला मसाला होता, आणि बटाट्याचा रस्सा वाईट लागत नाही. पण तिघांसमोर मी बटाटे वाढतोय आणि ते एकमेकांकडे बघून हसताहेत, हे मला दिसायला लागलं. देवाचा अंगणात उभा होता. एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता, कोंबडे बघतात तसा.

याला चूक म्हणता येईल अशी मांडणी करायला मी बरीच वर्षं घालवली. दुसरा कोंबडा समजून हात गेला, मित्रांनी भरीस घातलं, वगैरे. तसं काही नव्हतं. मित्र यायचे होते, दुसरा कोंबडा नव्हता. मनात एवढंच होतं की सोमवारच्या आत अगदी असाच बाजारातून आणून ठेवू.

तिघे वेळेवर आले. एवढे वेळेवर ते हापिसात कधी आले नाहीत. खाऊन झाल्यावर त्यातले वयाने मोठे होते त्यांनी ढेकर दिला, मग घाबरून दाराकडे बघितलं, आणि म्हणाले, "हे बघा, शपथ आहे तुम्हाला. हे या चार भिंतींतून बाहेर जाता कामा नये. माझी बायको मला शुद्ध करून घेईल."

"तुम्हालाही शपथ," मी म्हणालो. आम्ही चौघांनी एकमेकांना गळ्याशपथ घातली. तेव्हा फार हसलो होतो.

पिसं आणि हाडं कुठे टाकायची हा प्रश्न होता. दाजींनी कागदी लिंबाचं रोप लावायला अंगणात खड्डा खणून ठेवला होता. त्यात सगळं घातलं आणि वर माती ओढली.

रविवारी आणि सोमवारी सकाळी मी बाजारात गेलो. तांबडे कोंबडे होते, पण एकाची शेपटी बोडकी, दुसऱ्याला तुराच नाही. रविवारी मी चर्चला गेलो नाही, हेही त्यात आलं. सोमवारी दुपारी तांगा दारात थांबला तेव्हा अंगणात फक्त ते डालगं होतं, बांबूचं, ज्याखाली देवाच्याला झाकून ठेवायचे.

थोरली आधी धावली. "आई, देवाचा नाहीये!"

त्या क्षणी मी बोललो असतो तर आक्काने मला लाटण्याने बडवलं असतं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात थोरलीने विचारलं, "मामा, तू तर घरीच होतास ना? मतलब, काही आवाज नाही आला?"

"झोपलो होतो गं," मी म्हणालो.

बस्स. तेवढंच. मग आक्काची नजर भिंतीकडे गेली.

"मास्टरजी!" ती हिंदीत ओरडली. "हमारा देवाचा किधर है?"

मास्टरजी तुळशीला पाणी घालून भिंतीपाशी आले. "कौन?"

"मुर्गा! आपही बोले थे ना, मैं होता तो छोड़ देता?"

"बोला था. छोड़ा नहीं."

"मग त्याला पंख फुटले का?"

"पंख तो उसके थे ही, बहनजी."

मास्टरजी खरं तेच बोलले होते, गणिताच्या माणसासारखं. पण आक्काला वाटलं, थट्टा करतोय. तिच्या डोळ्यांसमोर त्या बावीस रात्री असणार. ती बोलत गेली, आणि शेवटी तिच्या तोंडून 'चोर' हा शब्द गेला. हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, समजावून सांगावा लागत नाही.

मास्टरजींनी भिंतीवरचा पट उचलला. त्यावर शुक्रवारचा अर्धा डाव तसाच होता. सोंगट्या त्यांनी एकेक करून आमच्या बाजूला ठेवल्या, रांगेत, आधी काळ्या मग पांढऱ्या. पट काखेत घेतला. "जीवदया करता हूँ," ते म्हणाले, "चोरी नहीं करता." आणि आत गेले.

दाजी एवढा वेळ बॅग हातात धरून उभे होते. ती त्यांनी खाली ठेवली. सोंगट्या डब्यात भरल्या. मग लिंबाच्या खड्ड्यापाशी गेले. "हा खड्डा भरल्यासारखा दिसतोय रे."

"वारा होता दाजी. माती आत गेली."

जयपूरला वारा कधीही येतो आणि माती कुठेही जाते. दाजींनी मान हलवली आणि रोप लावलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये सणाच्या वस्तू पुढे मांडल्या होत्या. दाजींचा कोंबडा बघायला सगळे टपले होते. वर्षभर त्यांनी वर्णन करून ठेवलं होतं. दाजी पुढे आले ते रिकामं डालगं घेऊन. ते त्यांनी लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवलं आणि आपल्या हिंदीत सांगितलं, "इसमें जो था वो अपने आप देव के पास पोच गया. रस्ता उसको मालूम था. टोकरी पीछे रह गई, वो मैं लाया."

सगळं चर्च हसलं. पादरीसाहेबसुद्धा. मी शेवटच्या बाकावर होतो.

लिलावात दाजींनी ते डालगंही पुकारलं. वर करून, फिरवून, आतून-बाहेरून दाखवून. कोण घेणार रिकामं डालगं? मी बोली लावली. कुणीतरी गमतीने वर चढवली, मी आणखी चढवली. लोक टाळ्या वाजवायला लागले. महिन्याच्या जेवणाचे जेवढे आक्काला देत होतो तेवढ्याला मी ते घेतलं. दाजींचे डोळे भरून आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "देखो! ये मेरा साला है!"

लाटणं परवडलं असतं.

त्यानंतर भिंतीवरचं बुद्धिबळ बंद झालं. आक्काने मास्टरजींकडे वाटी पाठवणं बंद केलं, आधी ती पुरणपोळी, थालीपीठ, काय काय पाठवायची आणि मास्टरजी प्रत्येक वेळी विचारायचे, "अंडा तो नहीं?" दाजी बायकोच्या विरुद्ध जाणारे नव्हते आणि मित्राला सोडणारेही नव्हते. त्यांनी यातून एक वाट काढली. रविवारी संध्याकाळी, नेहमीच्या वेळी, ते अंगणात खुर्ची टाकायचे आणि लिंबाच्या झाडाला प्रवचन सांगायचे. मोठ्याने, हिंदीत.

"का हो, त्या झाडाला ऐकू कमी येतं का?" आक्का आतून विचारायची.

"कोवळं आहे अजून," दाजी म्हणायचे. "समजायला वेळ लागतो."

आणि भिंतीपलीकडे, जिथे हिशेब चुकेल तिथे, मास्टरजी खोकायचे. एक खोकला म्हणजे शंका. दोन म्हणजे साफ नामंजूर. दोन खोकल्यांवर दाजी थांबायचे, झाडाला तोच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने समजावायचे, पलीकडे शांतता झाली की पुढे जायचे. अकरा वर्षं हे चाललं. मी लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड केलं, थोरली कॉलेजात गेली, धाकटा दाजींच्या डोक्याच्या वर गेला, आणि दोन म्हातारे एका झाडाच्या मध्यस्थीने वाद घालत राहिले. बघणाऱ्याला गंमत वाटायची. मलाही वाटायची, एखादा मिनिट.

झाड मात्र असं फोफावलं की गल्लीत तसं दुसरं नव्हतं. चौथ्या वर्षी फळ धरलं आणि मग थांबलंच नाही. दरवर्षी सणाला दाजी टोपलीभर लिंबं न्यायचे. "कुणास ठाऊक या झाडाला काय खत लागलंय!" ते लिलावात सांगायचे. "मी तर नुसतं शेण घातलं होतं." लोक एकेक लिंबू वर धरून बघायचे. मी लिंबाचं लोणचं खाणं सोडलं. बायकोला सांगितलं, दात आंबतात.

सांगायचं नव्हतंच असं नाही. सांगायचं होतं. पहिलं वर्ष शपथेचं निमित्त होतं. पुढे त्या तिघांच्या बदल्या झाल्या, निमित्त गेलं. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी कोण उकरून काढणार? दर वर्षाने ते सांगणं जड होत गेलं. कोंबडा सांगता आला असता. गप्प बसलो होतो ते सांगता येईना.

गेल्या उन्हाळ्यात दाजी हॉस्पिटलात होते तेव्हा मी ठरवून गेलो. भेटीची वेळ चार ते पाच. मी चारला पोचलो. भेटायला दुसरं कुणी आलेलं नव्हतं. दाजी उशीला टेकून बसले होते, बोटांनी चादरीवर टकटक करत. ही त्यांची तारेची सवय.

"दाजी, एक सांगायचंय तुम्हाला. फार दिवसांपासूनचं आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. चेहरा बघूनच त्यांना ते मोठं आहे हे कळलं असावं. "मग आधी प्रार्थना करू," ते म्हणाले, आणि माझा हात धरला.

त्यांनी डॉक्टरपासून सुरुवात केली. मग नर्स. मग शेजारच्या खाटेवरचा, कोटा शहराचा शिंपी, त्याची शिलाई मशीन. मग आक्का, तिचे गुडघे, तिची जीभ, "जी तू तिला विचार करूनच दिली असशील." मग मुलं. मग मास्टरजी, आणि तिथे ते बराच वेळ थांबले. मग मी. माझ्याबद्दल ते जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. त्यातलं अर्धंसुद्धा खरं नव्हतं. आमेन म्हणेपर्यंत पाच वाजून गेले होते आणि नर्स दारात उभी राहून घड्याळ दाखवत होती.

"हां, बोल," दाजी म्हणाले.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. "तुम्ही दमलात."

"मी कुठं? बोलणारा कधी दमतो का?" ते हसले. "उद्या ये मग. लवकर ये."

दुसऱ्या दिवशी गेलोही होतो. पण आक्का बसलेली होती, थोरली होती, नंतर ते घरी आले, बरे झाल्यासारखे झाले, रविवारी झाडापाशी बसायलाही लागले. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी चहा घेता घेता गेले. कपात दोन घोट उरले होते. आक्का म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा ते काही न बोलता उठले.

शवपेटी चर्चमधून बाहेर काढली तेव्हा मास्टरजी फाटकाबाहेर उभे होते. चपला काढून हातात धरलेल्या, आत यायचं की नाही हे न कळलेले. आता ते फार वाकलेत. आक्काने त्यांना बघितलं आणि मान फिरवली. मी त्यांच्याजवळून जात होतो. त्यांनी माझी बाही धरली.

"बाबूजी," ते म्हणाले, "अब रविवार को प्रवचन कौन सुनाएगा?"

मी पेटीमागे चालू लागलो.

परवाच्या रविवारी मी आक्काकडे गेलो होतो. संध्याकाळी ती अंगणात बसली होती, खुर्ची रिकामी. नेहमीची वेळ झाली आणि भिंतीपलीकडून खोकला आला. एक. कुणी काही बोललेलंच नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा एक.

"सर्दी झाली असेल चोराला," आक्का म्हणाली. पण तिने चहा टाकला होता तो तीन कप. दोन आम्ही प्यायलो. तिसरा तिने कुणाला दिला नाही आणि ओतूनही टाकला नाही.

सणाला अजून पाच आठवडे आहेत. लिंबं कोण नेणार, लिलाव कोण पुकारणार, यावर चर्चमध्ये चर्चा चालू आहे. माझं नाव सुचवलंय. ते डालगं अजून माझ्याकडे आहे, माळ्यावर. त्याची एक कामटी तुटली आहे, बाकी शाबूत आहे. एक तांबडा कोंबडा त्यात घालून नेणं मला कठीण नाही.

पण देणं कोंबड्याचं नाही. मास्टरजींनी तो सोडला नव्हता हे मला ठाऊक होतं, आणि हे मी त्या भिंतीपाशी उभं राहून, आक्का आणि मास्टरजी, दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही. तेवढं माझ्याकडून देणं आहे.